काच बाजूला ठेवा, जाळी दाखवा

घरी व्हिडिओ एडिटिंगचं मशीन असेंबल करायला निघालेल्या कुणाचीही यादी बघा. प्रोसेसर कोणता, यावर महिनाभर खल झालेला असतो. ग्राफिक्स कार्डासाठी हप्ते बांधून घेतलेले असतात. रॅम, मदरबोर्ड, एसएमपीएस, सगळं कागदावर पक्कं. शेवटची ओळ : कॅबिनेट, उरलेल्या पैशांत जे येईल ते. मग पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठायचा, दुकानाच्या दारात लखलखणाऱ्या काचेच्या पेट्यांपैकी एक उचलायची आणि रिक्षात टाकायची. दीड लाखाच्या यंत्रात सगळ्यात कमी विचार होतो तो या एका वस्तूचा. मला याचा राग येतो. पुढची आठ-दहा वर्षं एडिटरला रोज छळणारी किंवा रोज साथ देणारी वस्तू हीच असते.

इंटेलनं एटीएक्स हे माप आणलं 1995 साली. मदरबोर्ड 305 बाय 244 मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी. तीस वर्षं उलटली, ते माप अजून चालू आहे. प्रोसेसरचे सॉकेट मात्र येतात आणि जातात. इंटेलचा एलजीए 1700 आला 2021 मध्ये, त्याची जागा 1851 नं घेतली 2024 मध्ये. जुनी डीडीआर4 रॅम त्या नव्या बोर्डांत बसतच नाही. म्हणजे ज्या वस्तूंवर महिनाभर खल केला त्या चार-पाच वर्षांत निघून जाणार, आणि जी टिकणार ती उभ्याउभ्या घेतली. हा क्रम उलटा करा. आधी कॅबिनेट ठरवा.

पेटीचा विचार चुकला की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण अ‍ॅपलनं घालून दिलंय. 2013 साली त्यांनी मॅक प्रो नव्या रूपात आणला : काळा चकचकीत सिलिंडर, उंची जेमतेम 25 सेंटिमीटर. आत धातूचा त्रिकोणी गाभा, त्याच्या तीन बाजूंना प्रोसेसर आणि दोन ग्राफिक्स कार्डं, आणि या सगळ्यांना मिळून पंखा एकच. एडिटर, ध्वनिकार, अ‍ॅनिमेटर यांच्यासाठीच बनवलेलं यंत्र. देखणं होतं, शांत होतं. पण दोन मध्यम कार्डांऐवजी एकच दणकट कार्ड, या दिशेनं काम सरकलं, तेव्हा तेवढी उष्णता त्या त्रिकोणाची एक बाजू पेलेना. जादा हार्ड डिस्क आत बसवायला जागाच ठेवली नव्हती, त्यामुळे फुटेजच्या डिस्का बाहेर, वायरींना लटकलेल्या. एप्रिल 2017 मध्ये अ‍ॅपलच्या वरिष्ठांनी निवडक पत्रकारांना बोलावून कबूल केलं की उष्णतेच्या बाबतीत आपण आपल्याच डिझाइनमुळे कोपऱ्यात सापडलो. 2019 चा मॅक प्रो आला तो पुन्हा चौकोनी टॉवर. पुढे तीन मोठे पंखे, समोरचा अख्खा भाग धातूची जाळी, आत आठ स्लॉट. हाताशी एवढा पैसा आणि एवढे इंजिनियर असलेल्या कंपनीला पेटीची किंमत अशी मोजावी लागली. आपल्याकडे ती मोजायला दुसरे दीड लाख नसतात.

आता आपला मे महिना घ्या. इंटेलचा कोअर आय7-14700के पूर्ण जोरात 253 वॉटपर्यंत जातो. आरटीएक्स 4070 या कार्डाची मर्यादा 200 वॉट. मदरबोर्ड, रॅम, डिस्का, एसएमपीएसची स्वतःची उष्णता धरा, आकडा 500 च्या घरात येतो. दाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन लावलेली लांब टाइमलाइन एक्स्पोर्टला टाकली की यंत्र तासन्‌तास राबतं, मधे उसंत नाही. ही 500 वॉट उष्णता बाहेर न्यायला मिनिटाला 50 घनफूट हवा मिळाली, तर आत शिरलेली हवा सरासरी 17-18 अंशांनी तापून बाहेर पडते. शाळेतल्या भौतिकशास्त्रापलीकडचं यात काही नाही. 100 घनफूट मिळाली तर हाच फरक 9 अंशांवर येतो. आणि बंद काचेच्या कडेच्या फटींतून कशीबशी 25 घनफूट ओढली गेली तर 35 अंश. नागपूर-अकोल्याकडे एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यातल्या दुपारी 38 अंश असणं यात नवल नाही. 38 मध्ये 35 मिळवा. त्र्याहत्तर अंशांच्या हवेत प्रोसेसरला गार राहायला सांगतोय आपण. 100 अंशांजवळ पोचला की तो आपला वेग आपणच कमी करतो. ज्या वेगाचे पैसे मोजले तो वेग काचेनं काढून घेतला, आणि गिऱ्हाईक फोनवर विचारतंय, एक्स्पोर्ट झालं का?

परदेशातली कॅबिनेटची परीक्षणं वाचताना एवढंच करा : त्यांची खोली 21-22 अंशांची असते. तिथला प्रत्येक आकडा पंधरानं वाढवून वाचा. तिथे जेमतेम पास झालेली पेटी आपल्याकडे नापास आहे.

म्हणून पहिली अट, पुढे जाळी. दोन बाजूंना बोटभर फट ठेवलेली काच नको, खरी उघडी जाळी हवी. कॉर्सेअरच्या 4000डी या कॅबिनेटचं एअरफ्लो रूप, फ्रॅक्टल डिझाइनची मेशिफाय मालिका, ही या जातीची नावं. याच धर्तीवरची स्वस्त भारतीय कॅबिनेटंही बाजारात आहेत, दुकानदाराकडे आग्रह धरला तर निघतात. समोर काच असूनही खालून आणि बाजूनं हवा घेणारी लियान लीच्या ओ11सारखी मोठी पेटी चालते, हे मान्य. पण ती रिकामी येते, सगळे पंखे वेगळे घ्यावे लागतात आणि तिचा एक श्वास जमिनीलगतच्या धुळीतून असतो. टेबलावर ठेवणार असाल आणि पंख्यांचे पैसे असतील तरच घ्या.

जाळी म्हटलं की एडिटर मंडळी आवाजाची तक्रार काढतात. तक्रार रास्त आहे. वन-बीएचकेमध्ये त्याच खोलीत व्हॉइसओव्हर होतो, त्याच खोलीत संवादामागची खरखर शोधायची असते. पण यावर फोम चिकटवलेली बंद पेटी हा उपाय आपल्या हवेत टिकत नाही. फ्रॅक्टलचीच डिफाइन मालिका त्या पद्धतीची आहे, बनावटीला उत्तम, स्वीडनच्या थंडीत शोभणारी. इथे बंद पेटी तापते, ग्राफिक्स कार्डाचे छोटे पंखे किंचाळायला लागतात आणि फोम तो आवाज पुरता गिळू शकत नाही. उपाय पंख्याच्या वेगात आहे. पंख्याची गती निम्मी केली की हवा निम्मी होते, आवाज मात्र साधारण 15 डेसिबलनी उतरतो. मग तसाच दुसरा पंखा लावा, हवा पुन्हा पूर्ण, आवाजात भर पडते फक्त 3 डेसिबलची. निव्वळ फायदा 12 डेसिबल, आणि 10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो. 140 मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ 120 वाल्यापेक्षा 36 टक्क्यांनी जास्त. तेव्हा पुढे 140 चे दोन किंवा तीन पंखे मावतात का, हे विचारा. मोठे पंखे, सावकाश फिरणारे, उघड्या जाळीमागे. आपल्या हवेत शांततेचा हाच रस्ता आहे, आणि तो थंडाव्याच्या रस्त्यापासून वेगळा नाही.

आता दिव्यांकडे येतो. यावर मी कुणाशीच तडजोड करणार नाही.

रंग जुळवायच्या खोलीत भिंत करडी, प्रकाश मंद आणि 6500 केल्व्हिनच्या आसपासचा पांढरा, ही जगभरची रीत आहे. तिला कारण आहे. आपला डोळा भोवतालच्या प्रकाशाशी जुळवून घेतो. मॉनिटरशेजारी गुलाबी-जांभळी पेटी लखलखत असेल, तर डोळा त्या गुलाबीला सरावतो आणि पडद्यावरचा शुद्ध पांढरा त्याला हिरवट वाटायला लागतो. एडिटर मग चित्रात गुलाबी ढकलतो. खोलीत सगळं बरोबर दिसतं. पेनड्राइव्ह नवरीच्या घरी जातो, टीव्हीला लागतो, आणि हळदीचा पिवळा केशरी झालेला असतो, चेहरे भाजल्यासारखे. घरचे म्हणतात कॅमेरा वाईट होता. कॅमेरामन शिव्या खातो. दोष असतो टेबलावरच्या त्या सहा पंख्यांचा, जे सेकंदा-सेकंदाला रंग बदलत होते, म्हणजे डोळ्याला एका चुकीलाही नीट सरावू देत नव्हते. ज्याचं पोट रंग ओळखण्यावर चालतं त्यानं स्वतःच्या नजरेच्या कोपऱ्यात रंगीत दिवे लावून घ्यावेत, आणि वर त्यासाठी जादा पैसे द्यावेत? दुकानदार म्हणेल, बटण आहे, बंद करता येतात. मग घ्यायचेच कशाला? त्याच पैशांत दोन चांगले बिनदिव्याचे पंखे येतात.

काचेचा दुसरा तोटा डिस्कांच्या जागेत दिसतो. आतला देखावा स्वच्छ दिसावा म्हणून डिस्कांचे कप्पे काढून टाकले गेले. एके काळी साध्या कॅबिनेटातही चार-पाच हार्ड डिस्का बसायच्या. आज पुष्कळ पेट्यांत दोन बसतात, त्याही एसएमपीएसच्या शेजारी, वायरींच्या गुंत्यात, जिथे वारा पोचत नाही. गेम खेळणाऱ्याला चालतं. एडिटरचा हिशेब करू. 100 मेगाबिटच्या फोर-के चित्रीकरणाला तासाला 45 जीबी लागतात. लग्नात तीन कॅमेरे आठ तास फिरले की एक टीबी संपला. त्याची दुसरी प्रत ठेवायची तर दोन. माहितीपटवाला प्रोरेझ 422 एचक्यूमध्ये काम करत असेल, तर 25 फ्रेमच्या फोर-केला तासाला 332 जीबी. सिस्टिमला एक एनव्हीएमई, चालू कामाला दुसरी, इथपर्यंत मदरबोर्ड सांभाळतो. साठवणीला मात्र 3.5 इंची डिस्काच परवडतात, आणि त्यांना चार कप्पे तरी हवेत, पुढच्या पंख्याच्या बरोबर मागे. मी वर वाखाणलेली 4000डी इथे तोकडी पडते, तिच्यात 3.5 इंची डिस्का दोनच. फ्रॅक्टलच्या जुन्या डिफाइन आर5 मध्ये आठ बसायच्या, आणि ती वापरलेली मिळाली तर पुढचं दार काढून आजही घ्यावी असं माझं मत आहे.

डिस्क तापली की लगेच मरते असं नाही. गूगलनं 2007 साली आपल्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास छापला होता. त्यात तापमान आणि बिघाड यांचं नातं अपेक्षेपेक्षा कच्चं निघालं. ठळक दिसलं ते खूप तापलेल्या आणि तीन-चार वर्षं जुन्या डिस्कांमध्ये. पण आपल्याकडे काचेच्या पेटीतली डिस्क नेमकी हीच असते : जुनी, तापलेली, आणि तिच्यात कुणाच्या तरी बारशापासून लग्नापर्यंतचं सगळं. शिवाय मिनिटाला 7200 फेरे घेणारी डिस्क पातळ पत्र्याला घुमवते. कप्प्यात रबराचे बूच आहेत का ते बोट घालून बघा. पत्रा अंगठ्यानं दाबा. डब्यासारखा आत गेला तर पेटी परत करा.

‘बाहेरून डिस्क जोडू की!’ असं म्हणणारे भेटतात. एडिटिंगच्या टेबलावर यूएसबीला लोंबकळणाऱ्या डिस्का, खालून जाणारी लहान मुलं, झाडू मारणारा हात, यांचा मेळ मला तरी कधी सुखाचा दिसलेला नाही. नॅस, म्हणजे नेटवर्कवरची डिस्कांची पेटी, घ्यायचा तर साध्या एक गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला 110 एमबीच्या आसपास मिळतात, आणि फोर-के प्रोरेझ एचक्यूचा एक प्रवाहच 92 एमबी खातो. दोन कॅमेरे एकत्र चालवायचे तर याहून वेगवान नेटवर्क कार्ड हवं. ते कार्ड बसवायला स्लॉट हवा.

आणि इथेच छोट्या पेट्या बाद होतात. मिनी-आयटीएक्स बोर्ड 170 मिलिमीटरचा चौकोन, स्लॉट एक. तो ग्राफिक्स कार्डानं घेतला की नेटवर्क कार्ड नाही, बाहेरच्या ग्रेडिंग मॉनिटरला सिग्नल देणारं डेकलिंक नाही. 2021 मध्ये अमेरिकेत एनझेडएक्सटीच्या एच1 या उभ्या छोट्या पेटीचे सुमारे 32 हजार नग परत मागवले गेले. ग्राफिक्स कार्डाला जोडणाऱ्या पट्टीचे दोन स्क्रू शॉर्टसर्किट करू शकत होते, आगीचा धोका होता. सगळ्याच छोट्या पेट्या पेटतात असं मी म्हणत नाही. पण दाटीवाटीत प्रत्येक चूक महाग पडते, एवढं त्यातून घ्या.

मापं पटकन सांगतो. आरटीएक्स 4090 चं मूळ कार्डच 304 मिलिमीटर लांब आणि तीन स्लॉट जाड, इतर कंपन्यांची त्याहून मोठी. आज मध्यम कार्ड घेत असाल तरी पेटीत 340 पर्यंत जागा ठेवा, पुढचे पंखे बसल्यानंतरची. नॉक्टुआचा एनएच-डी15 हा हवेचा कूलर 165 मिलिमीटर उंच. तो बसला तर बहुतेक सगळे बसतात. कार्डाची वायर आणि बाजूची काच यांच्यात अंतर हवं. नव्या सोळा पिनी कनेक्टरची वायर तोंडाजवळच वाकवावी लागली तर तो सैल बसण्याचा धोका आहे, आणि 2022 च्या अखेरीस 4090 चे असे कनेक्टर वितळल्याच्या घटना जगभर गाजल्या. पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर त्याची वायर घेणारा जोड मदरबोर्डवर आहे का, तेही आधीच बघा. नाहीतर पोर्ट नुसता शोभेचा, आणि कार्ड रीडर रोज मागे हात घालून लावायचा.

धुळीचं मात्र पटकन सांगून भागत नाही. आपल्या शहरांत प्रत्येक गल्लीत एक इमारत पडतेय आणि एक उभी राहतेय. दिवाळीत फटाक्यांची काजळी वेगळी. जाळीच्या पेटीत धूळ जास्त जाणार, ही शंका खरी आहे, पण ती आटोक्यात ठेवता येते. आत हवा घेणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे पेटीत थोडा दाब राहतो आणि फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाते. मग हवा फक्त गाळणीतूनच शिरते. ती गाळणी पुढून सरकवून काढता आली पाहिजे, नळाखाली धरता आली पाहिजे. पेटी आडवी करून चार स्क्रू काढावे लागत असतील तर ती गाळणी वर्षभर कुणी काढत नाही. मागच्या स्लॉटच्या पट्ट्या स्क्रूनं परत लागणाऱ्या हव्यात. स्वस्त पेट्यांत त्या तोडून काढायच्या असतात, एकदा तोडल्या की भगदाड कायमचं, आणि त्या उबदार भगदाडातून झुरळं आणि पाली आत वस्तीला येतात. कोकणात आणि गोव्यात खारी हवा आहे. तिथे पत्र्याच्या कापलेल्या कडांवरही रंग चढलाय का, हे नखानं तपासा. रंग नसलेल्या कडेपासून गंज सुरू होतो.

आणखी एक गोष्ट, जी कॅबिनेटच्या खोक्यावर कुठेच छापलेली नसते. पेटी लोखंडाची आहे, आणि घरातल्या सॉकेटला खरं अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर त्या लोखंडावर 115 व्होल्टच्या आसपास दाब आणून ठेवतात. विद्युतप्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून माणूस बचावतो, हाताला झिणझिण्या येतात आणि आपण ‘असं होतंच’ म्हणून सोडून देतो. सोडून देऊ नका. हीच गोष्ट माइकमध्ये गुणगुण बनून उतरते, कॅमेरा यूएसबीनं जोडताना ठिणगी बनून येते. तीन पिनी प्लग असणं म्हणजे अर्थिंग असणं नव्हे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक नुसतंच असतं. वायरमनला मीटर घेऊन बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यात 230 च्या आसपास दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत. हे मशीन घरी यायच्या आधी करा.

राहिले दुकानदार. तपकीर गल्लीतल्या आणि लॅमिंग्टन रोडवरच्या मंडळींकडे माझी एक साधी मागणी आहे. दारात सहा काचेच्या पेट्या दिवे लावून ठेवता, त्यातली एक उचला. तिच्या जागी जाळीची पेटी ठेवा, आत खरं यंत्र बसवा आणि त्यावर सकाळपासून एक लांब एक्स्पोर्ट चालू ठेवा. गिऱ्हाइकाला कान लावू द्या, मागून येणाऱ्या हवेवर हात धरू द्या, गाळणी काढून बघू द्या. शेजारी तेच यंत्र काचेच्या पेटीत चालू ठेवा. मग विचारा, कुठली बांधून देऊ.